नोकरीची वाट, दाखल्यांची शिदोरी

परीक्षा झाली, गुणवत्ता यादीत नाव झळकले, घरी पेढे वाटले गेले. आणि त्यानंतर कागदपत्रांच्या तपासणीच्या दिवशी उमेदवार अपात्र ठरला. शासकीय भरतीशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना असे प्रसंग अपरिचित नाहीत. त्या उमेदवाराच्या बुद्धीत वा परिश्रमात उणीव नसते. कोठे नावातील एका अक्षराचा फरक असतो, कोठे दाखल्यावरील दिनांक जाहिरातीतील अंतिम दिनांकाच्या चार दिवस पुढचा असतो, तर कोठे आजोबांच्या जातीची नोंद असलेला शाळेचा जुना कागद मिळालेला नसतो. अनेक वर्षांचा अभ्यास एका कागदापाशी अडतो, आणि तो कागद ज्या गावात, ज्या शाळेत, ज्या चावडीवर तयार झाला, तेथे त्याची वार्ताही नसते.

नोकरीच्या तयारीचा विचार करताना अभ्यास, सामान्य ज्ञान, मुलाखत यांवर सर्वत्र भर दिला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु दाखल्यांची तयारी हा त्या तयारीचाच भाग आहे आणि तो सर्वांत आधी, शाळेच्या बाकावर असतानाच सुरू व्हावयास हवा, ही जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही. या कामात उमेदवाराइतकीच शिक्षक, ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालय यांचीही भूमिका महत्त्वाची ठरते.

निवडीची बदललेली रीत

एके काळी शिक्षण संपताच तरुण जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवीत. सेवायोजन कार्यालयांना रिक्त पदे कळविणे बंधनकारक करणारा कायदा १९५९ मध्ये संमत झाला होता. नोंदणीचे कार्ड जपून ठेवावयाचे, मुदतीत त्याचे नूतनीकरण करावयाचे आणि ज्येष्ठतेनुसार मुलाखतपत्राची वाट पाहावयाची, असा तो क्रम होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मधील एका निर्णयात असे सांगितले की, सेवायोजन कार्यालयाकडून आलेल्या नावांपुरती निवड मर्यादित ठेवू नये; वृत्तपत्रे व अन्य माध्यमांतून पदांना प्रसिद्धी द्यावी आणि अर्ज करणाऱ्या सर्व पात्र उमेदवारांचा विचार व्हावा. समान संधीच्या दृष्टीने हा मोठा बदल होता.

या बदलाबरोबर जबाबदारीही उमेदवाराकडे आली. महाराष्ट्रातील जुनी सेवायोजन कार्यालये आज जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे या नावाने काम करतात. तेथील नोंदणी खाजगी आस्थापनांतील संधी व रोजगार मेळावे यांसाठी उपयुक्त आहे आणि ती प्रत्येकाने करावी. मात्र ‘नाव नोंदविले आहे, केव्हातरी बोलावणे येईल’ या भरवशावर घरी बसणाऱ्यास शासकीय पदाचे बोलावणे येत नाही. जाहिरात शोधणे, ती समजून घेणे, अर्ज भरणे आणि त्यातील प्रत्येक दाव्याचा पुरावा हाती ठेवणे ही सर्व कामे त्याची स्वतःची आहेत.

जाहिरात कशी वाचावी

बहुतेक उमेदवार जाहिरातीतील पदसंख्या व वेतनश्रेणी वाचतात आणि उरलेला मजकूर डोळ्यांखालून घालतात. खरे पाहता, उमेदवाराची पात्रता त्या उरलेल्या मजकुरावरच ठरते. जाहिरातीतून पुढील गोष्टी वेगळ्या वहीत उतरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट दिनांकांची. अर्ज करण्याचा अंतिम दिनांक, वय मोजण्याचा दिनांक आणि शैक्षणिक अर्हता धारण करण्याचा दिनांक हे प्रत्येक वेळी एकच असतील असे नाही. पदवीची परीक्षा दिली आहे, परंतु निकाल अर्हतेच्या दिनांकानंतर लागला, तर तो उमेदवार त्या भरतीपुरता पदवीधर ठरत नाही. टंकलेखनाच्या प्रमाणपत्रासही हाच नियम लागू पडतो. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते. त्याची परीक्षा ठरावीक काळानेच होते. जाहिरात निघाल्यावर टंकलेखनाच्या वर्गात नाव घालणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

दुसरी गोष्ट वयोमर्यादेची. राज्य शासनाच्या सेवेत सरळसेवेने प्रवेश करण्याची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा २०१६ मध्ये ३३ वरून ३८ वर्षे करण्यात आली. मागासवर्गीय उमेदवारांसाठी ती ४३ वर्षे ठरली. परंतु हे सर्व पदांना सरसकट लागू नाही. पोलीस शिपाई पदासाठी सर्वसाधारण मर्यादा २८ वर्षे व मागासवर्गीयांसाठी ३३ वर्षे अशी राहिली आहे. त्यामुळे ‘वय अजून पुष्कळ आहे’ हे सांत्वन प्रत्येक पदासाठी स्वतंत्रपणे तपासून पाहावे.

तिसरी गोष्ट अर्जातील दाव्यांची. संगणकावर भरलेल्या अर्जात जो प्रवर्ग, जे आरक्षण, जी अर्हता नमूद केली असेल, तिच्याच आधारे निवड होते. अंतिम दिनांकानंतर ‘तो रकाना चुकून राहिला’ ही सबब सहसा स्वीकारली जात नाही. अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी पाठविण्यापूर्वी तो उमेदवाराने स्वतः अक्षर न् अक्षर वाचावा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवावी.

चौथी गोष्ट नमुन्याची. रेल्वे, टपाल व केंद्र शासनाची अन्य कार्यालये यांच्या भरतीत जातीचा व इतर मागासवर्गाचा दाखला केंद्राच्या विहित नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातील दाखला तेथे चालत नाही. दोन्ही यंत्रणांकडे अर्ज करणाऱ्याने दोन्ही नमुन्यांतील दाखले काढून ठेवावेत. तसेच राज्य शासनाच्या सेवेत येणाऱ्यांस लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन द्यावे लागते. २००५ च्या नियमांनुसार, २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनहून अधिक झाली असल्यास उमेदवार अपात्र ठरतो.

नाव आणि जन्मतारीख

सर्व दाखल्यांचा पाया दोन नोंदींवर उभा असतो : जन्मनोंद आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद. या दोहोंत फरक असला की पुढील प्रत्येक कागदात तो उतरत जातो. जन्मनोंदवहीत ‘ज्ञानेश्वर’, शाळेत ‘ज्ञानदेव’, शिधापत्रिकेत ‘माउली’ आणि आधारपत्रात आणखी काही, असा एकच मुलगा चार नावांनी वावरू लागला, तर पंधरा वर्षांनी तपासणी अधिकाऱ्यापुढे तो एकच आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो.

जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. नोंद करताना बाळाचे नाव ठरलेले नसल्यास बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत समाविष्ट करता येते. अनेक पालक पहिल्या कागदावर समाधान मानतात आणि नावाचा रकाना रिकामाच राहतो. या अधिनियमातील २०२३ ची सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली. त्या दिनांकापासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारनोंदणी, शासकीय नियुक्ती इत्यादी कामांसाठी जन्माचा दाखलाच जन्मतारखेचा पुरावा ठरणार आहे. अंगणवाडीत आज नाव घातलेल्या बालकाची वीस वर्षांनंतरची नोकरी ग्रामपंचायतीच्या आजच्या नोंदीशी जोडली गेली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

शाळेच्या नोंदीतील नाव, जात व जन्मतारीख यांतील चूक विद्यार्थी शाळेत शिकत असताना, पुरावे सादर करून व शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने, दुरुस्त करून घेणे तुलनेने सोपे असते. शाळा सोडल्यानंतर हे काम फार अवघड होते व पुष्कळदा न्यायालयापर्यंत जाते. म्हणून दहावीच्या परीक्षेचे आवेदनपत्र भरण्यापूर्वीचे वर्ष हा दुरुस्तीचा खरा मोसम मानावयास हवा. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे छापले जाईल, तेच जन्मभर सोबत राहणार असते.

शासकीय सेवेत प्रवेश केल्यावरही जन्मतारखेची चूक केव्हाही सुधारता येईल, असा समज दिसतो. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ नुसार सेवापुस्तकातील जन्मतारीख बदलण्याचा अर्ज सेवाप्रवेशापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. निवृत्ती जवळ आल्यावर केलेला अर्ज विचारात घेतला जात नाही.

विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांनी आणखी एक दक्षता घ्यावी. शैक्षणिक कागद माहेरच्या नावाचे आणि ओळखपत्र सासरच्या नावाचे असल्यास विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रात प्रसिद्ध झालेली नावबदलाची सूचना जवळ असावी. जात जन्माने ठरत असल्याने महिलेचा जातीचा दाखला वडिलांकडील पुराव्यांवरच मिळतो, पतीच्या जातीवरून नव्हे.

जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी

जातीचा दाखला मिळणे आणि त्याची वैधता सिद्ध होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिला दाखला सक्षम महसूल अधिकारी देतात. दुसरे काम पडताळणी समिती करते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कुमारी माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची सविस्तर कार्यपद्धती घालून दिली. महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला व तो ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी या कायद्याने दावा करणाऱ्यावरच टाकली आहे. दावा अवैध ठरल्यास त्याआधारे मिळालेली नोकरी व अन्य लाभ काढून घेतले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील निर्णयानंतर, ‘इतकी वर्षे सेवा झाली आहे’ या कारणाने अशा नियुक्तीस संरक्षण मिळण्याची वाट जवळजवळ बंद झाली आहे.

पुरावा कोणत्या काळाचा हवा, हे प्रवर्गानुसार ठरलेले आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक आहेत. कुटुंब या दिनांकास महाराष्ट्रात वास्तव्यास होते आणि त्याची जात अमुक होती, हे दाखविणारे जुने कागद सर्वांत मोलाचे ठरतात. वडील, आजोबा, पणजोबा, चुलते किंवा आत्या यांचा शाळेच्या रजिस्टरातील उतारा, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद आणि जुने महसुली अभिलेख यांचा त्यात समावेश होतो. वडिलांकडील रक्तनात्यातील व्यक्तीस पूर्वी वैधता प्रमाणपत्र मिळाले असल्यास तो महत्त्वाचा पुरावा असतो. घरात एकाला वैधता मिळाली म्हणजे पुढच्या पिढीची वाट बरीच सोपी होते.

हे कागद एका दिवसात मिळत नाहीत. आजोबा ज्या गावी शिकले ती शाळा दुसऱ्या तालुक्यात असते, रजिस्टर जीर्ण झालेले असते, चावडीवरील नोंद मोडी लिपीत असते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर घेण्यात आला, तेव्हा अशा जुन्या दप्तरांचे महत्त्व सर्वांच्या ध्यानात आले. पुरावे जमविण्यास महिने लागू शकतात, हे गृहीत धरून ते काम निवड होण्यापूर्वीच सुरू करावे. प्रथम वंशावळ तयार करावी. तिच्यातील प्रत्येक व्यक्ती कोठे जन्मली व कोठे शिकली हे वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे. मग एकेका ठिकाणी अर्ज करून उतारे मिळवावेत. घरातील वृद्धांच्या स्मरणातील माहिती त्यांच्यामागे कोणासही विचारता येत नाही. ज्या विद्यार्थ्यांनी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी वैधता प्रमाणपत्र मिळविले असेल, त्यांना तेच पुढे नोकरीसाठीही उपयोगी पडते.

मुदतीचे दाखले व समांतर आरक्षण

काही दाखले कायमचे असतात, काहींना मुदत असते. जातीचा व अधिवासाचा दाखला एकदा काढला की पुन्हा काढावा लागत नाही. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा, म्हणजेच नॉन-क्रीमी लेयरचा, दाखला मुदतीचा असतो. २०१७ मध्ये या गटाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये करण्यात आली. विवाहित महिलेच्या बाबतीतही आईवडिलांचा आर्थिक स्तर पाहिला जातो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीचे १० टक्के आरक्षण २०१९ पासून लागू झाले. त्याचा दाखलाही आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो. दाखल्यावरील वैधतेचा कालावधी जाहिरातीत मागितलेल्या दिनांकास व्यापतो की नाही, हे पाहूनच अर्ज भरावा. तपासणीत दोष निघाल्यावर काढलेला नवा दाखला म्हणजे वरातीमागून घोडे.

अधिवासाच्या दाखल्यासाठी साधारणतः राज्यातील पंधरा वर्षांचे वास्तव्य पाहिले जाते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषिक उमेदवारांनाही महाराष्ट्र शासनाच्या सेवेसाठी अर्ज करण्याची मुभा आहे. त्यासाठी त्या गावांतील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो.

जातीच्या आरक्षणाखेरीज समांतर आरक्षणाची तरतूद आहे. महिलांसाठी ३० टक्के, खेळाडूंसाठी ५ टक्के, प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के, भूकंपग्रस्तांसाठी २ टक्के अशी ती विभागलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के पदे राखीव असतात व त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. धरणाखाली जमीन गेलेल्या कुटुंबातील मुलास प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळू शकतो, हेच घरी ठाऊक नसते. खेळाडूंनी केवळ स्पर्धेचे प्रमाणपत्र पुरेसे समजू नये; त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी झालेली असणे आवश्यक असते. शालेय मैदानावर मिळविलेले यश अशा एका सहीअभावी वाया जाऊ नये.

सेवेचा हक्क

दाखल्यांसाठी हेलपाटे घालणे हे नागरिकाचे प्राक्तन नव्हे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळविण्याचा हक्क प्रत्येक पात्र व्यक्तीस दिला आहे. अर्ज दाखल होताच पोच मिळावयास हवी आणि तीवर क्रमांक असावयास हवा. मुदतीत सेवा न मिळाल्यास किंवा अर्ज फेटाळला गेल्यास ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. त्यानंतर द्वितीय अपील आणि अखेर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील, अशी व्यवस्था आहे. सबळ कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. अर्ज फेटाळताना कारण लेखी कळविणे आवश्यक आहे. ‘उद्या या’ हे कारण या कायद्यात बसत नाही. उमेदवारानेही तोंडी विचारपूस करीत बसण्यापेक्षा पोच सांभाळावी आणि मुदत मोजावी.

वाट पाहण्याच्या काळात

शासकीय पदे मर्यादित आहेत आणि अर्जदार पुष्कळ आहेत. एकाच परीक्षेची तयारी करीत वयाची उमेदीची वर्षे संपवावीत आणि अखेरीस हाती कोणतेही कौशल्य नसावे, ही स्थिती कुटुंबास परवडणारी नाही. त्यामुळे अभ्यासाच्या जोडीला उपजीविकेचे एखादे कसब आत्मसात करणे शहाणपणाचे ठरते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि शिकाऊ उमेदवारी हा या दृष्टीने भक्कम मार्ग आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार, ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे अपेक्षित आहे. उमेदवारीच्या काळात विद्यावेतन मिळते, यंत्रावर प्रत्यक्ष हात बसतो आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. उमेदवारी संपल्यावर त्याच आस्थापनेत नोकरी मिळेलच, अशी हमी कायदा देत नाही, हे स्पष्टपणे समजून घ्यावे. मात्र इतर बाबी समान असल्यास प्रशिक्षित शिकाऊ उमेदवारास प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेशातील मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटले आहे. वायरमन, वीजतंत्री, जोडारी, डिझेल मेकॅनिक हे व्यवसाय शिकलेला तरुण परीक्षेत अयशस्वी झाला तरी रिकाम्या हातांनी घरी परतत नाही.

या वाट पाहण्याच्या काळातच फसवणुकीची शक्यता अधिक असते. पैसे घेऊन नेमणूक मिळवून देतो असे सांगणारा मध्यस्थ प्रत्यक्षात काहीही मिळवून देऊ शकत नाही. जमीन गहाण पडते आणि उमेदवार स्वतःही गुन्ह्यात अडकतो. परीक्षांमधील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्रीय कायदा जून २०२४ पासून लागू झाला असून संघटित गुन्ह्यासाठी त्यात पाच ते दहा वर्षांच्या कारावासाची व किमान एक कोटी रुपये दंडाची तरतूद आहे. नेमणूकपत्र आले म्हणून कोणी दाखविल्यास ते संबंधित कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन पडताळून पाहावे.

नेमणुकीनंतर

नोकरी लागली म्हणजे कागदांचा संबंध संपला असे नाही. पदोन्नतीची वाटही कागदांवरूनच जाते. अनेक संवर्गांत विभागीय परीक्षा ठरावीक संधींत व मुदतीत उत्तीर्ण व्हावी लागते. तसे न झाल्यास ज्येष्ठता गमवावी लागते आणि मागून आलेला सहकारी पुढे निघून जातो. महसूल विभागात दुय्यम सेवा परीक्षा आणि महसूल अर्हता परीक्षा यांचे महत्त्व तेथील कर्मचारी जाणतात. रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात आपल्या संवर्गाचे सेवाप्रवेश व परीक्षा नियम मिळवून वाचावेत. पहिल्या वर्षाचा उत्साह अभ्यासास जितका साथ देतो, तितका पुढे संसाराच्या व्यापात देत नाही.

सेवापुस्तक हा कर्मचाऱ्याचा आरसा आहे. त्यातील रजा, वेतनवाढ, परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद व नामनिर्देशन दर वर्षी पाहून सही करावी आणि दुय्यम प्रत अद्ययावत ठेवावी. एखादी नोंद राहून गेल्याचे निवृत्तिवेतनाच्या वेळी कळले, तर ती शोधण्यासाठी कार्यालयेच्या कार्यालये पालथी घालावी लागतात. सेवेत असताना दुसऱ्या पदासाठी अर्ज करावयाचा झाल्यास तो कार्यालयास कळवून, विहित मार्गाने करावा. लपवून केलेला अर्ज निवड झाल्यावर अडचणीचा ठरतो.

गावपातळीवर काय करता येईल

वरील सर्व बाबींत एक सूत्र दिसून येते. उमेदवाराचे भवितव्य ज्या नोंदींवर अवलंबून असते, त्या तो स्वतः लिहीत नाही. त्या ग्रामपंचायतीचे निबंधक, शाळेचे मुख्याध्यापक व लिपिक आणि तहसील कार्यालयातील कर्मचारी लिहितात व जपतात.

मुख्याध्यापकांना दर वर्षी आठवीच्या वर्गाची एक तपासणी घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याचा जन्माचा दाखला, जनरल रजिस्टरातील नोंद व आधारपत्र शेजारी ठेवून नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव, आडनाव व जन्मतारीख पडताळावी आणि फरक आढळल्यास पालकांस लेखी कळवावे. दहावीपर्यंत दुरुस्तीस दोन वर्षे मिळतात. जुनी रजिस्टरे कोरड्या जागी, वाळवीपासून दूर ठेवावीत व त्यांच्या प्रतिमा काढून घ्याव्यात. त्या पानांत शेकडो कुटुंबांचे पुरावे आहेत.

ग्रामपंचायतीस नाव न भरलेल्या जन्मनोंदींची यादी करून त्या पालकांना पंधरा वर्षांची मुदत संपण्यापूर्वी सूचना देता येईल. ग्रामसभेत वर्षातून एकदा, बारावीचे निकाल लागण्याच्या सुमारास, दाखल्यांचा विषय घेता येईल. प्रकल्पग्रस्त, दिव्यांग व माजी सैनिकांच्या कुटुंबांपर्यंत त्यांच्या सवलतींची माहिती पोहोचविणे हे पंचायत सदस्यांचे सहज शक्य असलेले काम आहे. तहसील कार्यालयांनी शाळा-महाविद्यालयांतच दाखल्यांची शिबिरे भरविल्यास जाहिराती निघाल्यानंतरची गर्दी कमी होईल आणि घाईत होणाऱ्या चुकाही टळतील.

विद्यार्थ्याच्या घरी मूळ कागदांची एक फाईल असावी. तिच्या पहिल्या पानावर प्रत्येक दाखल्याचे नाव, क्रमांक, दिनांक आणि मुदत संपण्याचा दिनांक लिहिलेला असावा. सत्यप्रतींचे दोन संच वेगळे ठेवावेत आणि मूळ कागद कोणत्याही खाजगी व्यक्तीच्या ताब्यात देऊ नयेत. या फाईलला खर्च फार नाही. घरातील एकाने तिची जबाबदारी घेतली म्हणजे झाले.

परीक्षेतील यश उमेदवाराच्या कष्टावर व काही अंशी स्पर्धेच्या गणितावर अवलंबून असते. नावाचे अक्षर, जन्माचा दिनांक व दाखल्याची मुदत या गोष्टी मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहेत. ज्याने रात्रीचा दिवस करून गुण मिळविले, त्या गावच्या मुलाला किंवा मुलीला एका कागदापायी माघारी यावे लागू नये, एवढी काळजी शाळा, पंचायत आणि तहसील यांनी मिळून घेतली, तर त्यांच्या हातून झालेली ती रोजगाराची मोठीच सेवा ठरेल.